शाळा सुटल्यानंतरची शाळा

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याहि दिवशीं सायंकाळीं पाहावें, तर शाळा केव्हांच सुटलेली असते, दप्तरें कोपऱ्यांत पडलेलीं असतात, गणवेश दोरीवर वाळत असतात; तरीहि शाळा संपलेली नसते. वर्गांतील तीसचाळीस मुलांमुलींचा एक ग्रुप मोबाईलवर असतो, मुलींचा एक निराळा असतो, मुलग्यांचा निराळा असतो, चारपांच जिवलगांचा आणखी एक असतो, आणि ज्यांत एखाद्याला मुद्दाम घेतलेलें नाहीं असाहि एखादा असतोच. मधल्या सुट्टींत कोण कोणाशीं बोललें नाहीं, बाई कोणावर रागावल्या, कोण कोणाकडे पाहून हसलें, ह्या साऱ्याची उजळणी तेथें रात्रीं अकरा-साडेअकरापर्यंत चालते. आईबाप दिवाणखान्यांत बसून म्हणतात, "मुलगा सारखा मोबाईलवर असतो." त्यांना दिसतो तो मोबाईल, मुलाला त्यांत दिसतो तो आपला वर्ग.

मुलांच्या हातून होणाऱ्या इंटरनेटच्या अतिरेकाविषयीं आज घरोघर चिंता व्यक्त होते, आणि ती अनाठायीं आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. तथापि ह्या अतिरेकाचा विचार मुलांच्या शाळेंतील मैत्रीपासून तोडून करितां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. जें घर हा संबंध ध्यानांत घेत नाहीं, त्या घरांतील मूल खऱ्या संकटाच्या वेळीं घराकडे वळत नाहीं. प्रस्तुत लेखांत हीच गोष्ट थोडी सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे.

मोबाईल घरांत कसा आला

पुष्कळ कुटुंबांत मोबाईल मुलांच्या हातीं पडला तो चैनीची वस्तु म्हणून नव्हे. उपनगरांतील संसाराची घडीच तशी आहे. बोरिवलीहून चर्चगेटकडे किंवा मुलुंडहून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी सकाळची लोकल गांठावयाची, म्हणजे आठाच्या सुमारास घर सोडावें लागतें. परततां परततां दिवेलागण होऊन गेलेली असते. २०१४ सालच्या जूनमध्यें वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हांपासून पूर्व व पश्चिम उपनगरें एकमेकांच्या जवळ आलीं आणि दूरचे क्लासहि आटोक्यांतले वाटूं लागले. मूल शाळेंतून परस्पर क्लासला जातें आणि क्लासहून एकटेंच घरीं येऊन किल्लीनें दार उघडतें. "पोंचलास कां? जेवलास कां?" एवढें विचारतां यावें म्हणून आईनें आपला जुना फोन त्याच्या दप्तरांत घातला. त्यांत लाडापेक्षां काळजीचाच भाग अधिक होता. पुढें २०१६ सालच्या सप्टेंबरमध्यें जिओची सेवा सुरू झाली, इतर कंपन्यांसहि आपले दर खालीं आणावे लागले, आणि जो फोन केवळ आईच्या हांकेसाठीं होता, त्यांत सारें जग शिरलें.

त्यानंतर २०२० चा मार्च आला आणि शाळा बंद झाल्या. मुंबईंत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडले. पहिली ते सातवीचे त्याच्याहि मागून, १५ डिसेंबर २०२१ रोजीं. आणि पुढच्याच महिन्यांत ते पुन्हां कांहीं दिवस मिटले. जें मूल पांचवीचें वर्ष संपवीत असतां घरीं बसलें, तें सातवीचें वर्ष अर्धें उलटून गेल्यावर वर्गांत परतलें. दहा ते बारा ह्या वयांत मूल काय शिकत असतें, हें आपण क्षणभर आठवून पाहावें. काल ज्याच्याशीं भांडलों त्याच्याच शेजारीं आज बाकावर बसावें लागतें, हें तें शिकतें. डबा वाटून खातांना राग कसा विरतो, हें शिकतें. समोरच्याचा चेहरा उतरला कीं आपण अंमळ जास्त बोललों, हें ओळखावयास शिकतें. ह्या गोष्टी चेहरा, आवाज आणि सहवास यांवांचून येत नाहींत. ज्या मुलांनीं तीं दोन वर्षें पडद्यासमोर काढलीं, तीं आज मोठीं झालीं आहेत. पण त्यांच्या पाठच्या भावंडांनीं मैत्री करण्याची जी रीत घरांत पाहिली, ती पडद्यावरचीच होय.

ह्यांत जागेची अडचण आणखी भर घालते. उपनगरांतील तीनचार मजल्यांच्या जुन्या सोसायट्या पाडून तेथें टॉवर उभे राहत आहेत. वाहनें ठेवण्याच्या मजल्याच्या डोक्यावर हिरवळीचा एखादा तुकडा राखलेला असतो, आणि चेंडू खेळण्यास मनाई असल्याची पाटीहि त्यावर असते. मुलांनीं सायंकाळीं एकमेकांस भेटावें कोठें, ह्याचें उत्तर वडील माणसांनीं दिलें नाहीं. तें मुलांनीं आपल्यापुरतें शोधून काढलें.

मैत्री तीच, रीत निराळी

कोणी म्हणेल, शाळकरी मैत्री, रुसवेफुगवे आणि चोरटी प्रीति ह्या गोष्टी पूर्वींहि होत्याच. खचित होत्या. वहींतून चिठ्ठी जात होती, वाचनालयाच्या दाराशीं कोणाची तरी वाट पाहिली जात होती, फळ्यावर कोणाचें तरी नांव कोणाच्या तरी नांवाशीं जोडून लिहिलें जात होतें. परंतु तेव्हांच्या आणि आतांच्या परिस्थितींत तीन मोठे फरक आहेत.

पहिला असा कीं, फळा पुसला जात असे. आज मुलगी मैत्रिणीपाशीं मन मोकळें करते, त्या बोलण्याचा स्क्रीनशॉट निघतो, आणि दोघींतलें गुज घटकेंत वर्गभर होतें. निरोप आपोआप नाहींसे होण्याची सोय आहे म्हणून मुलें निर्धास्त राहतात. पण पाहणाऱ्यानें दुसऱ्या फोननें त्याचें छायाचित्र काढलें, तर ती सोय कांहींच कामाची नाहीं.

दुसरा फरक घराचा आहे. ज्याला वर्गांत चिडवीत, तो शाळा सुटतांच घरीं येई आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तरी सुटे. आजीजवळ बसून पोहे खातांना त्याचा दिवस धुऊन निघे. आज चिडविणारे त्याच्या खिशांतून घरांत येतात, त्याच्या अंथरुणापर्यंत येतात. ग्रुपमधून काढून टाकणें ही आतांची वाळीत टाकण्याची रीत आहे, आणि तींत कोणाचाहि आवाज चढत नसल्यामुळें ती शेजारच्या खोलींत बसलेल्या आईलाहि कळत नाहीं.

तिसरा फरक मोजमापाचा. मैत्री पूर्वीं आंकड्यांत मोजली जात नव्हती. आज निरोप वाचल्याची निळी खूण व्हॉट्सअ‍ॅपवर दिसते आणि वाचूनहि उत्तर आलें नाहीं, ह्या विचारानें मूल रात्र रात्र तळमळतें. स्नॅपचॅटवर दोघांनीं एकमेकांस दर चोवीस तासांत एकेक चित्र पाठविलें म्हणजे एक आंकडा रोज वाढत जातो. एक दिवस चुकला तर सारी पुंजी शून्यावर येते. सुट्टींत कोंकणांत किंवा देशावर आजोळीं गेलेल्या मुलाला तेथें रेंज मिळत नाहीं, म्हणून तो आपला पासवर्ड मित्राच्या स्वाधीन करून जातो, कां तर आंकडा तुटूं नये! घराची किल्ली परक्याच्या हातीं देऊं नये हें त्याला आपण शिकविलें आहे. ह्या किल्लीचें मात्र कोणी शिकविलें नाहीं.

बाराचौदा वर्षांच्या वयांत समवयस्कांचें मत हेंच जगाचें मत वाटतें. मेंदूचा जो भाग आवेग आवरतो आणि परिणामांचा विचार करतो, त्याची वाढ पंचविशीच्या सुमारापर्यंत चालूं असते. कौतुकानें हुरळून जाण्याची वृत्ति मात्र ह्याच वयांत प्रबळ असते. मोबाईलवरील व्यवसाय ज्यांनीं उभारले त्यांना हें चांगलें ठाऊक आहे. पानाला शेवट न ठेवणें, घडोघडीं सूचना वाजविणें, पसंतीचे आंकडे सर्वांस दिसतील असे ठेवणें, ह्या सर्व युक्त्या मोठ्या माणसांसहि खिळवून ठेवतात. मग मुलांची कथा काय? म्हणून 'मुलाला निग्रह नाहीं' असें म्हणून मोकळें होणें हें न्यायाचें नव्हे.

अंधेरींतील एक प्रसंग आणि त्यापुढील धांवपळ

२०१७ सालच्या जुलै अखेरीस अंधेरींत एका चौदा वर्षांच्या मुलानें आपलें आयुष्य संपविलें. त्या बातमीबरोबरच 'ब्लू व्हेल' नांवाच्या, रशियांतून आलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका खेळाचें नांव सर्वतोमुखीं झालें. ११ ऑगस्ट २०१७ रोजीं केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानें गूगल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, मायक्रोसॉफ्ट व याहू ह्या कंपन्यांस त्या खेळाचे दुवे काढून टाकण्यास फर्माविलें. त्या पावसाळ्यांत देशभर पालकांच्या तोंडीं दुसरा विषय नव्हता. पुढें केंद्रानें नेमलेल्या समितीनें अशा घटनांतील मोबाईल, फोनच्या नोंदी आणि इतर पुरावे तपासले. आणि २०१८ च्या जानेवारींत सरकारनें लोकसभेंत सांगितलें कीं, एकाहि घटनेंत त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाहीं.

त्या शोकग्रस्त कुटुंबाविषयीं तर्क लढविण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, आणि आमचा रोख तिकडे नाहीं. आम्ही बोलतों तें बाकीच्या आपणां सर्वांविषयीं. त्या दिवसांत आईबापांनीं आपापल्या मुलांस विचारलें, "तूं तो खेळ खेळतोस कां?" मूल "नाहीं" म्हणालें आणि आपलें समाधान झालें. "वर्गांत तुझें कोणाशीं पटतें? कोणी त्रास देतें कां? रात्रीं झोप लागते कां?" हे प्रश्न बहुतेक घरांत राहून गेले. परदेशांतून आलेल्या राक्षसाचा शोध घेणें सोपें असतें, कारण त्यांत आपल्या घराची, आपल्या शाळेची व आपल्या शेजाऱ्याच्या मुलाची चौकशी करावी लागत नाहीं.

तशी चौकशी करणें किती जड जातें, हें दोनच वर्षांनीं दिसून आलें. २०१९ च्या डिसेंबरमध्यें मुंबईंतील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेंतील प्रकार वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाला. तेराचौदा वर्षांच्या मुलग्यांनीं व्हॉट्सअ‍ॅपवरील आपल्या ग्रुपांत वर्गांतील मुलींविषयीं अत्यंत अश्लील व हिंसक भाषा वापरली होती. तक्रार झाल्यावर शाळेनें आठ मुलांस कांहीं काळ निलंबित केलें. हीं मुलें शिकलेल्या व सुस्थितींतल्या घरांतलीं होतीं, आणि ज्या मुलींविषयीं तें लिहिलें गेलें त्या त्यांच्याच शेजारच्या बाकांवर बसत होत्या. अशा वेळीं 'संस्कार नाहींत' एवढें म्हणून थांबणें पुरेसें नाहीं. एकटा मुलगा जें बोलण्यास धजणार नाहीं, तें तो घोळक्यांत बोलतो. एकानें मर्यादा ओलांडली कीं दुसरा तिच्याहि पुढें जातो. आणि ज्यांना तें आवडत नाहीं, तीं मुलें वाळीत पडण्याच्या भीतीनें गप्प बसतात. ह्या गप्प बसणाऱ्यांकडे पालकांनीं विशेष लक्ष द्यावें, असें आम्ही सुचवूं. "तूं कांहीं लिहिलें नाहींस ना?" एवढें विचारून सोडूं नये, "तुला तें वाचून काय वाटलें, आणि पुढच्या वेळीं तूं काय करशील?" हेंहि विचारावें.

२०२० च्या मे महिन्यांत दिल्लींत अशाच तऱ्हेचें एक प्रकरण उघडकीस आलें. इन्स्टाग्रामवरील शाळकरी मुलग्यांच्या एका ग्रुपाचे स्क्रीनशॉट देशभर फिरले, आणि त्यांबरोबर स्नॅपचॅटवरील एक अत्याचाराचा बेत सुचविणारें संभाषणहि फिरलें. पोलिसांच्या तपासांत असें निघालें कीं, तें दुसरें संभाषण त्या ग्रुपांतलें नव्हतेंच. एका मुलीनें मुलग्याचें खोटें नांव धारण करून, आपल्या ओळखीच्या मुलाची परीक्षा पाहण्यासाठीं तें घडवून आणलें होतें. आणि त्या मुलानें अशा कृत्यास नकार देऊन ती गोष्ट आपल्या मित्रमैत्रिणींस सांगितली होती. तोंवर तो कागद लाखों मोबाईलांतून फिरून चुकला होता. ग्रुपांतील मुलग्यांचें वर्तन निंद्य होतें ह्यांत शंका नाहीं. पण स्क्रीनशॉटवर दिसणारें नांव हें बोलणाऱ्याचें खरें नांव असेलच असें नाहीं, हा धडा मुलांपेक्षां आपणां वडील मंडळींस अधिक आवश्यक आहे. दुसऱ्यांच्या मुलांचे स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे हात कोणाचे असतात, ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

जें कोणी सांगत नाहीं

वयांत येणाऱ्या मुलांची भाषा अशी कां बिघडते? ह्या विषयावर सभ्य भाषेंत बोलणारें त्यांना कोणी भेटलेलेंच नसतें, हें त्याचें एक मोठें कारण आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं मुंबईंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें एकाकी धैर्यानें चालविलें. जें विचारण्यास लोक डॉक्टरांपाशींहि लाजत, असे वाचकांचे खासगी प्रश्न ते छापीत आणि त्यांना शास्त्रशुद्ध उत्तरें देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली. कर्व्यांचीं सर्व मतें कोणास पटोत वा न पटोत, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालें पाहिजे हा त्यांचा आग्रह विसरतां येण्याजोगा नाहीं. 'समाजस्वास्थ्य' निघाल्यानंतर ऐंशी वर्षांनीं, म्हणजे २००७ सालीं, केंद्र सरकारचा किशोरावस्था-शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येऊं घातला, तेव्हां महाराष्ट्रासह अनेक राज्यांनीं तो अडविला. घरानें तोंड पूर्वींच मिटलेलें होतें, शाळेनेंहि मिटलें. आतां मुलाच्या मनांतील शंकांस उत्तर देणारें एकच साधन उरलें, आणि तें त्याच्या खिशांत असतें. तेथें तो जें पाहतो त्यांत लज्जा नाहीं, माया नाहीं आणि दुसऱ्याच्या संमतीचा विचारहि नाहीं. तीच त्याची क्रमिक पुस्तकें ठरतात आणि तीच भाषा ग्रुपांत उमटते.

धमकी आणि मौन

आतां सर्वांत नाजूक गोष्टीकडे वळूं. समजा, आठवींतील एका मुलीची वर्गांतल्या एका मुलाशीं विशेष मैत्री जमली. त्याच्या आग्रहावरून तिनें आपलें एक छायाचित्र पाठविलें, जें पाठवावयास नको होतें. पुढें दोघांचें बिनसलें. मग निरोप आला कीं, "माझें ऐकलें नाहींस तर हें सर्वांना दाखवीन." पुष्कळदां तर समोरचा मुलगा नसतोच, मुलगा म्हणवून घेणारा कोणी परका इसम असतो, आणि तो पैसे मागतो. मुलग्यांनाहि असेच फांसे घातले जातात.

अशा वेळीं त्या मुलीनें आईकडे धांव घ्यावी, हें आपणांस उघड दिसतें. ती घेत नाहीं. बाबा रागावतील ही एक भीति असतेच. शाळा बदलतील, चारचौघांत नांव जाईल, हीहि असते. पण ह्यांच्या जोडीला आणखी एक साधी भीति असते, जी वडील माणसांच्या ध्यानींहि येत नाहीं: फोन काढून घेतील. आपल्याला वाटतें, एवढ्या संकटापुढें फोनचें तें काय? पण फोन जाणें म्हणजे तिच्या लेखीं सारा वर्ग जाणें, आणि ज्या घटकेला तिला मैत्रिणींची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच घटकेला जाणें. म्हणून ती धमकी देणाऱ्याचें ऐकते. एकदां ऐकलें म्हणजे तो दुसऱ्यांदां मागतो.

ह्यावर आमची सूचना अशी आहे. संकट येण्यापूर्वींच, घरांत सर्व शांत असतां, आईबापांनीं मुलाला स्पष्ट वचन द्यावें: "मोबाईलवर कांहींहि भलतें घडलें, तुझ्या हातून घडलें तरीहि, तूं येऊन सांगितलेंस तर तुझा फोन आम्ही काढून घेणार नाहीं. आधीं संकट निवारूं, मग काय तें बोलूं." आणि हें वचन पाळावें. पुष्कळ पालकांस हें मऊपणाचें वाटेल. परंतु सांगणाऱ्यास शिक्षा आणि लपविणाऱ्यास मोकळीक, हा न्याय ज्या घरांत चालतो तेथें मूल लपविण्यासच शिकतें.

प्रसंग ओढवलाच तर काय करावें, हेंहि सांगणें अवश्य आहे. मुलीला प्रथम जवळ घ्यावें. प्रश्नांची सरबत्ती करूं नये. धमकी देणाऱ्यास पैसे देऊं नयेत व त्याच्याशीं घासाघीस करूं नये. त्याचे निरोप, त्याचें खातें आणि तारखा जपून ठेवाव्यात. तें छायाचित्र मात्र कोणासहि, अगदीं सख्ख्या मामालाहि, पाठवूं नये. 'टेक इट डाऊन' नांवाची एक विनामूल्य सेवा २०२३ सालापासून उपलब्ध आहे. अमेरिकेंतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीं काम करणारी राष्ट्रीय संस्था ती चालविते. तींत छायाचित्र आपल्याच फोनमध्यें राहतें, केवळ त्याचा अंकी ठसा पाठविला जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या ठिकाणीं तें चित्र ओळखून काढून टाकण्यास त्याचा उपयोग होतो. मुलांसाठींची १०९८ ही मदतवाहिनी आहे. पैसे गेले असल्यास १९३० ह्या सायबर मदतवाहिनीवर ताबडतोब कळवावें. आणि पोलिसांत जाण्यास कचरूं नये.

मुलग्यांच्या आईबापांनींहि कायदा समजून घेतला पाहिजे. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वयें अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति बालक आहे आणि बालकाची संमति कायदा मानीत नाहीं. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब ह्या कलमान्वयें बालकांचीं अश्लील चित्रें तयार करणें, पाहणें, उतरवून घेणें व पुढें पाठविणें हा गुन्हा आहे. आणि नुसतें बाळगणेंहि निरुपद्रवी मानतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालांत दाखवून दिलें आहे. "तिनेंच पाठविलें होतें" किंवा "मी फक्त पुढें ढकललें" हें समर्थन होऊं शकत नाहीं. चौदा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट पोलिसांच्या तोंडून प्रथम कळूं नये. ती घरांत कळावी.

वडगांवचा भोंगा

ह्या रोगावर बंदी हेंच औषध असें मानणारे पुष्कळ आहेत. यवतमाळ जिल्ह्यांतील बान्शी ग्रामपंचायतीनें २०२२ च्या नोव्हेंबरमध्यें अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं कायदा करून, सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास १० डिसेंबर २०२५ पासून मज्जाव केला. असे प्रयोग कितपत यशस्वी होतात हें काळच सांगेल. पण आम्हांस अधिक मननीय वाटतो तो सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव ह्या खेड्याचा उपक्रम. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथें रोज सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजतो आणि साडेआठापर्यंत घरोघर टी.व्ही. व मोबाईल बंद राहतात. मुलें अभ्यासास बसतात, माणसें एकमेकांशीं बोलतात.

ह्या उपक्रमाचें मर्म दोन गोष्टींत आहे. एक तर वडील माणसेंहि आपला फोन ठेवतात. आणि दुसरें असें कीं, सर्वांचा एकदमच बंद होतो. एकट्या मुलाचा फोन घेतला तर तें एकटें वर्गाबाहेर पडतें, आणि म्हणूनच तें त्वेषानें भांडतें. सर्वांनीं एकाच वेळीं ठेवला तर कोणीच बाहेर पडत नाहीं, आपण गैरहजर असतांना काय चाललें असेल ही रुखरुखहि राहत नाहीं. अंधेरींत किंवा घाटकोपरमध्यें भोंगा वाजविणें शक्य नाहीं, हें खरें. परंतु एका वर्गाच्या चाळीस मुलांचे आईबाप हें एक लहानसें वडगांवच आहे. पालक-शिक्षक संघाच्या सभेंत गुण आणि सहल यांखेरीज एकच ठराव व्हावा: ह्या वर्गाचा कोणताहि ग्रुप रात्रीं साडेनवानंतर चालणार नाहीं, आणि तो नियम आईबापांनीं तयार केलेल्या पालकांच्या ग्रुपालाहि लागू राहील. ज्या पालकांनीं मुलांचा गृहपाठ रात्रीं दहा वाजतां ग्रुपवर विचारावयाचा, त्यांनीं मुलांस लवकर निजावयास सांगावें तरी कोणत्या तोंडानें?

झोपेची गोष्ट आम्ही मुद्दाम काढतों. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रात्रीं आठ ते दहा तास झोप हवी असें निद्राशास्त्रज्ञ सांगतात. महाराष्ट्र सरकारनें २०२४ च्या फेब्रुवारींत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नवाच्या आधीं भरवूं नयेत असा आदेश काढला, त्यामागें मुलांच्या अपुऱ्या झोपेचेंच कारण होतें. पण मोठ्या वर्गांस तो लागू नाहीं, आणि सकाळीं सातची शाळा गांठणारें मूल रात्रीं बारापर्यंत जागें असेल तर त्याचें गणित कधींच जमणार नाहीं. चिडचिड, विसराळूपणा आणि क्षुल्लक कारणावरून रडूं येणें, ह्यांतील बराच भाग अपुऱ्या झोपेचा असतो. घरांतील सर्वांचे फोन रात्रीं दिवाणखान्यांत चार्जिंगला लावावेत, वडिलांचाहि लावावा, आणि उठविण्यासाठीं जुनें गजराचें घड्याळ पुन्हां बाहेर काढावें.

कांहीं मुलांची स्थिति ह्याच्याहि पलीकडे गेलेली असते. खेळण्यावर ताबा राहत नाहीं, बाकी सर्व गोष्टींवर त्याची कुरघोडी होते, नुकसान दिसत असूनहि तें थांबत नाहीं, आणि असें साधारण वर्षभर चालतें, तेव्हां जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास आजार म्हटलें आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या तिच्या रोगसूचींत त्याचा समावेश आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेंत अशा रुग्णांसाठीं २०१४ सालापासून स्वतंत्र चिकित्सालय आहे. जेवणखाण, अभ्यास आणि मित्र सुटूं लागले, किंवा मूल जगण्याचा कंटाळा बोलून दाखवूं लागलें, तर उपदेशांत वेळ न दवडतां मानसोपचारतज्ज्ञाकडे जावें; सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालूं असतो आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें.

पुत्राला सोळावें वर्ष लागलें कीं त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें, असें जुनें नीतिवचन आपणां सर्वांस पाठ आहे. आतां सोळाव्या वर्षापर्यंत थांबणें परवडणार नाहीं, आणि तें वचन कन्येलाहि लावलें पाहिजे. मुलाच्या मित्रांचीं नांवें आपणांस ठाऊक असावींत. त्यांतील दोघेचौघे रविवारीं घरीं जेवावयास यावेत, किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत त्यांना घेऊन एखादी सकाळ घालवावी. मित्र प्रत्यक्ष भेटूं लागले म्हणजे फोन कांहीं अंशीं आपोआप खालीं ठेवला जातो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. रोज दहा मिनिटें, हातांत कांहीं न घेतां, "आज वर्गांत काय झालें?" असें विचारावें आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. पहिले कांहीं दिवस "कांहीं नाहीं" एवढेंच उत्तर येईल. तरीहि विचारीत राहावें. कारण ज्या दिवशीं खरोखर कांहीं झालेलें असेल, त्या दिवशीं तें सांगण्याची वाट मुलाच्या पायाखालची असली पाहिजे.